नकार देण्याइतका पैसा: शिकागोच्या हल हाउसचं प्रकरण

२७ जानेवारी २०१२, शुक्रवार. शिकागोच्या जेन ॲडम्स हल हाउस असोसिएशनमधल्या सुमारे ३०० कर्मचाऱ्यांचा तो कामाचा शेवटचा दिवस ठरला. आठवडाभर आधीच संस्थेने सांगितलं होतं की मार्चच्या आसपास काम आवरतं घेऊ. तेवढाही दम निघाला नाही. पुढचा पगार द्यायला पैसेच उरले नव्हते. साठलेल्या रजांचे पैसे मिळणार नाहीत, नोकरी गेल्याची भरपाईही मिळणार नाही, असं कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं. संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला तो ‘चॅप्टर सेव्हन’खाली. अमेरिकी कायद्यात या प्रकारच्या अर्जाने सावरायला मुदत मिळत नाही. जे काही असेल ते विकायचं आणि ज्यांचं देणं आहे त्यांच्यात वाटून टाकायचं, एवढंच उरतं.

ही संस्था १२२ वर्षं चालली होती. तिच्या संस्थापक जेन ॲडम्स शांततेच्या नोबेलच्या मानकरी होत्या. शेवटच्या काळातही वर्षाला जवळपास ६० हजार लोकांना तिची या ना त्या प्रकारे मदत होत होती. आईवडिलांपासून दुरावलेली मुलं, घरात मार खाणाऱ्या बायका, नोकरी शोधणारे तरुण, लहान मुलांच्या सांभाळाची सोय नसलेल्या कामगार आया अशा सगळ्यांना. काम वाईट होतं म्हणून संस्था बुडाली, असं म्हणणारं कुणी माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. काम चांगलं असूनही संस्था बुडू शकते, आणि ती नेमकी कशी बुडते, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतकं उघडं उदाहरण दुसरं नाही.

मी बरीच वर्षं सामाजिक संस्थांचे हिशेब पाहते. निधी म्हटलं की चर्चा बहुतेक वेळा ‘पैसा कुठून आणायचा’ इथेच थांबते. हल हाउसची कहाणी वाचताना मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटत गेला: आलेल्या पैशातला किती पैसा संस्थेचा स्वतःचा होता? कामासाठी आलेला वेगळा, संस्थेचा वेगळा. या दोहोंतला फरक ज्या काळात संस्थेला कळत होता त्या काळात ती ताठ उभी होती. तो पुसट होत गेला तशी ती वाकत गेली.

पहिली पन्नास वर्षं

जेन ॲडम्स आणि त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार १८ सप्टेंबर १८८९ रोजी हॅलस्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात राहायला आल्या. चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाने ते घर १८५६ मध्ये बांधलं होतं. १८८९ पर्यंत आजूबाजूला इटालियन, ज्यू, जर्मन, आयरिश स्थलांतरितांची दाट वस्ती झाली होती. लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये १८८४ पासून चाललेलं काम ॲडम्स यांनी पाहिलं होतं. कल्पना साधी होती. शिकल्यासवरलेल्या लोकांनी गरीब वस्तीत येऊन शेजारी म्हणून राहायचं, आणि शेजाऱ्यांना काय हवं ते राहता राहता समजून घ्यायचं.

पैशाची व्यवस्था मात्र तितकी साधी नव्हती, आणि तिच्याकडे फार थोडे लोक नीट पाहतात. हल यांच्या नातलग आणि वारस हेलन कल्व्हर यांनी घर बिनभाड्याने दिलं. घराची दुरुस्ती आणि सामानसुमान यांचा सुरुवातीचा मोठा खर्च ॲडम्स यांनी वडिलांकडून मिळालेल्या वारशातून केला. तिथे राहून काम करणारे लोक, ज्यांना ‘रहिवासी’ म्हणत, ते आपल्या खोलीचे आणि जेवणाचे पैसे स्वतः देत. बहुतेकांचा चरितार्थ दुसऱ्या कामावर चाले. त्यामुळे कुठल्याही संस्थेचा सगळ्यात मोठा खर्च, म्हणजे पगार, इथे जवळजवळ नव्हताच. भाडं नाही आणि पगारही नगण्य, अशा ताळेबंदावर संस्था बराच काळ तग धरते.

एक उपक्रम जवळून पाहण्यासारखा आहे. कारखान्यात काम करणाऱ्या मुलींना संपाच्या काळात सगळ्यात मोठी भीती असे ती राहत्या जागेचं भाडं थकण्याची. त्यातून ‘जेन क्लब’ निघाला, मुलींनी स्वतः चालवायचं सहकारी वसतिगृह. हल हाउसने पहिल्या महिन्याचं भाडं भरलं, सामान दिलं आणि बाजूला झाली. पुढे प्रत्येक सभासद मुलगी आठवड्याला ३ डॉलर देई. त्यात भाडं, जेवण, कोळसा, दिवाबत्ती सगळं भागे. पदाधिकारी मुलीच निवडत. आज ज्याला आपण स्वयंपूर्ण प्रकल्प म्हणतो त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला क्वचित दिसलं आहे. संस्थेने पैसा घातला तो फक्त सुरुवात अडू नये म्हणून. रोजचा खर्च ज्यांचा होता त्यांनीच पेलला, आणि त्यामुळे ते घर कुणाच्या मेहेरबानीवर उभं नव्हतं.

सगळेच उपक्रम असे चालणं शक्य नव्हतं. १९०७ पर्यंत १३ इमारती झाल्या होत्या. व्यायामशाळा, बालवाडी, नाट्यगृह, कलादालन, संगीतशाळा यांना मोठा पैसा लागे, आणि तो मुख्यतः दोन मैत्रिणींकडून आला: लुईस डी कोव्हन बोवेन आणि मेरी रोझेट स्मिथ. बोवेन यांनी तीनेक दशकांत पाच लाख डॉलरहून अधिक दिले आणि स्मिथ यांनी लाखाहून अधिक. १९१२ मध्ये बोवेन यांनी शहराबाहेर वॉकीगन इथे ७२ एकरांची जागाही दिली. वस्तीतली मुलं आणि आया उन्हाळ्यात तिथे मोकळ्या हवेत जाऊन राहत.

दोन नकार

जेन क्लबसाठी स्वतंत्र इमारत बांधायचं ठरलं तेव्हा हल हाउसच्या एका विश्वस्तांनी आपल्या ओळखीतल्या एका गृहस्थाकडून २० हजार डॉलर देण्याचं वचन मिळवलं. मग लक्षात आलं की हा माणूस आपल्या आस्थापनेतल्या मुलींना अतिशय कमी पगार देण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ॲडम्स यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की कष्टकरी मुलींचं घर त्याच्या पैशातून बांधणं अशक्यच वाटलं. वचन मिळवून आणणाऱ्या विश्वस्तांची मोठी पंचाईत झाली. तरी देणगी नाकारली. इमारत पुढे दुसऱ्या देणगीतून उभी राहिली.

दुसरा प्रसंग याहून मोठा. घरोघरी चालणाऱ्या शिलाईच्या कोंदट कारखान्यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून हल हाउसचे रहिवासी जीव तोडून काम करत होते. फ्लॉरेन्स केली त्यात आघाडीवर होत्या. त्या दिवसांत ॲडम्स यांना सुचवण्यात आलं की कायद्याचा हा नाद सोडलात तर कारखानदारांच्या संघटनेकडून दोन दिवसांत ५० हजार डॉलर उभे राहतील आणि हल हाउस त्या भागातली सगळ्यात मोठी संस्था होईल. ॲडम्स यांना पहिल्यांदा वाटली ती लाज. त्यांच्या वडिलांबद्दल म्हटलं जाई की त्यांना कधी कुणी लाच देऊ केली नाही, कारण वाईट माणसांना त्यांच्याजवळ जायचीच भीती वाटे. मग आपल्यासमोर हे बोलण्याचं धाडस कुणाला झालंच कसं, हा प्रश्न त्यांना छळत राहिला. पैसे घेतले नाहीत. १८९३ मध्ये इलिनॉय राज्याचा कारखाना कायदा झाला. त्यात १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायला बंदी आली आणि स्त्रियांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा ठरली. केली त्या कायद्याच्या पहिल्या मुख्य निरीक्षक झाल्या.

हे प्रसंग चारित्र्याचा नमुना म्हणून सांगितले जातात, आणि ते आहेतच. पण हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. नकार देणं परवडावं लागतं. ॲडम्स यांच्या मागे असा पैसा होता ज्यावर कुठलीही चिठ्ठी चिकटवलेली नव्हती. घर बिनभाड्याचं, रहिवासी स्वखर्चाने राहणारे आणि मैत्रिणी विश्वासाने देणाऱ्या. ५० हजार नाकारले म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाचा पगार अडणार नव्हता. कुठल्याही ठरावीक कामाला न बांधलेल्या अशा पैशाला हिशेबाच्या भाषेत अबंधित निधी म्हणतात. मला तो नेहमी संस्थेच्या कण्यासारखा वाटत आला आहे.

या व्यवस्थेचा कमकुवत भाग लपवण्यात अर्थ नाही. सगळा डोलारा तीन-चार श्रीमंत बायकांच्या मैत्रीवर होता. मेरी रोझेट स्मिथ १९३४ मध्ये गेल्या आणि जेन ॲडम्स २१ मे १९३५ रोजी. बोवेन पुढे बरीच वर्षं संस्थेची धुरा वाहत राहिल्या, पण पैसा खेचून आणणारी व्यक्ती आता नव्हती. (१९३१ च्या नोबेलमधला ॲडम्स यांचा वाटाही हल हाउसकडे आला नव्हता. तो त्यांनी महिलांच्या आंतरराष्ट्रीय शांतता संघटनेला दिला होता.) व्यक्तीच्या नावावर येणारा पैसा त्या व्यक्तीबरोबर जातो. ॲडम्स हयात असतानाच मोठा कायम निधी, म्हणजे मुद्दल न मोडता ज्याच्या उत्पन्नावर काम चालतं असा पैसा, उभारला गेला असता, तर पुढचं बरंच काही वेगळं झालं असतं असं मला वाटतं.

जागा गेली

१९६१ मध्ये शिकागो शहराने इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी नेमकी हीच वस्ती निवडली. त्या वेळचे महापौर रिचर्ड जे. डेली यांचा त्यासाठी आग्रह होता. वस्तीतल्या फ्लॉरेन्स स्काला यांनी लढा उभारला. हल हाउसमध्ये आयुष्य घालवलेल्या वृद्ध जेसी बिनफर्ड त्यांच्याबरोबर होत्या. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हरलं. १९६३ मध्ये विश्वस्तांनी ८ लाख ७५ हजार डॉलर घेऊन जागा दिली. तेरा इमारतींपैकी मूळ घर आणि भोजनगृह तेवढं वाचलं. ती दोन्ही विद्यापीठाची झाली आणि १९६७ पासून तिथे संग्रहालय आहे. वॉकीगनची उन्हाळी जागाही याच काळात हातची गेली.

संस्था मेली नाही. ती शहरभर विखुरली. वेगवेगळ्या वस्त्यांत केंद्रं निघाली आणि काम वाढलंही. पण आर्थिक अंगाने पाहता एक मोठी गोष्ट हरवली होती. देणगीदाराला हाताला धरून आत नेता येईल, भोजनगृहात बसवून शेजाऱ्यांची ओळख करून देता येईल, असं घर आता संस्थेकडे राहिलं नाही. नाव मोठं होतं, पण त्या नावाचा पत्ता विद्यापीठाच्या मालकीचा होता. हल हाउस पाहायला आलेला माणूस संग्रहालयात जाई, तिथेच भारावून जाई आणि घरी परते. मला तर वाटतं की निधीच्या दृष्टीने १९६३ चा घाव २०१२ पेक्षा खोल होता. फक्त रक्त दिसायला पन्नास वर्षं लागली.

त्याच दशकात केंद्र सरकारने गरिबीविरुद्ध मोहीम उघडली आणि सामाजिक सेवांसाठी सरकारी पैसा मोठ्या प्रमाणात वाहू लागला. सेवा सरकारने स्वतः देण्याऐवजी कंत्राटाने संस्थांकडून करून घेण्याची पद्धत पुढे रुळत गेली. हल हाउस त्या प्रवाहात शिरली. त्यात गैर काहीच नव्हतं.

मुलांमागे मिळणारा पैसा

१९९० च्या दशकात संस्थेने मुख्य भर दिला तो फॉस्टर केअरवर. छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलाला न्यायालय आईवडिलांकडून काढून घेतं, त्याला दुसऱ्या कुटुंबात ठेवलं जातं आणि त्या कुटुंबावर व मुलावर लक्ष ठेवण्याचं काम राज्य सरकार संस्थांना देतं. राज्याच्या बालकल्याण खात्याचं प्रमुखपद सांभाळून आलेली व्यक्ती तेव्हा संस्थेच्या नेतृत्वात होती, त्यामुळे हे क्षेत्र चांगलं ओळखीचं होतं. इलिनॉयमध्ये त्या काळी अशा मुलांची संख्या भयंकर वाढत होती. १९९७ च्या सुमारास ती ५० हजारांच्या पुढे गेली होती. कंत्राटं मोठी झाली तशी संस्थाही मोठी झाली. वार्षिक उत्पन्नात सरकारी पैशाचा वाटा चढत चढत ८५ ते ९० टक्क्यांवर गेला.

इथे जरा थांबून या पैशाचा स्वभाव पाहू. तो दर मुलामागे, दर महिन्याला मिळतो. तो त्याच मुलाच्या कामावर खर्च करावा लागतो. अशा बऱ्याच करारांत वर्षाअखेरी उरलेली रक्कम परत करावी लागते किंवा पुढच्या हप्त्यातून वळती होते. म्हणजे संस्थेने काटकसरीने काम केलं तरी तिची गंगाजळी वाढत नाही. उत्पन्नाचा आकडा फुगतो आणि शिल्लक आहे तिथेच राहते. दहा लाखांची संस्था दोन कोटींची होते, पण अडीअडचणीला हात घालता येईल असा डबा पूर्वीइतकाच रिकामा असतो. विश्वस्तांच्या बैठकीत मात्र ‘आपण इतके वाढलो’ असा आलेख दाखवला जातो, आणि सगळ्यांना बरं वाटतं. असा आलेख मी स्वतः अनेकदा पाहिला आहे. त्या वेळी मलाही बरं वाटलं होतं, म्हणून हे अधिक कळकळीने लिहिते.

मग मुलांची संख्या घटली. १९९७ मध्ये केंद्राने दत्तक आणि सुरक्षित कुटुंबांबाबतचा कायदा केला. इलिनॉयने मुलांना दत्तक देण्यावर आणि काका, आजी, मावशी अशा नातेवाइकांना कायदेशीर पालक करून त्यांना भत्ता देण्यावर जोर दिला. हजारो मुलांना कायमचं घर मिळालं. पुढच्या दहा-बारा वर्षांत राज्यातली फॉस्टर केअरमधल्या मुलांची संख्या २० हजारांच्या खाली आली. मुलांच्या दृष्टीने यापेक्षा चांगली बातमी नाही. संस्थेच्या वहीत मात्र हीच बातमी खर्चाच्या बाजूला पडली.

कसं, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा संस्थेकडे ३०० मुलं आहेत आणि १५ मुलांमागे एक कार्यकर्ता आहे. कार्यकर्ते झाले २०. मुलं २०० वर आली तर १३ किंवा १४ कार्यकर्ते पुरतात. तेवढी माणसं कमी करता येतात, दुःख होतं पण जमतं. परंतु कार्यालयाचं भाडं दोन तृतीयांश होत नाही. हिशेबनीस, पर्यवेक्षक, संगणक, विमा, लेखापरीक्षण हे सगळं तेवढंच राहतं. पैसा मुलांच्या संख्येबरोबर उतरतो आणि खर्च पायऱ्यापायऱ्यांनी, उशिराने उतरतो. मधली जी पोकळी राहते ती कशाने भरायची? ती भरायला तोच पैसा लागतो ज्यावर चिठ्ठी नाही. आणि तो नव्हता.

दोन महिन्यांची दिरंगाई

२००८ नंतर मंदी आली. संस्थेच्या अध्यक्षांनी बंद पडण्याचं जाहीर कारण हेच दिलं: मदत मागणारे वाढले आणि देणग्या त्या प्रमाणात आल्या नाहीत. ते खरंच होतं. पण इलिनॉयमध्ये आणखी एक संकट होतं. राज्याची तिजोरी इतकी अडचणीत होती की बिलं महिनोन्महिने थकत. थकबाकी अब्जावधी डॉलरवर गेली होती. जानेवारी २०११ मध्ये राज्याने वैयक्तिक प्राप्तिकर ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर नेला, तरी बिलांचा ढीग राहिलाच. सामाजिक सेवा देणाऱ्या संस्था आधी काम करत, पगार देत आणि मग सरकारकडून पैसे यायची वाट पाहत. राज्य एका अर्थाने संस्थांकडून बिनव्याजी कर्ज घेत होतं, तेही न विचारता.

पुन्हा एक काल्पनिक हिशेब. समजा एखाद्या संस्थेचा वर्षाचा खर्च २ कोटी ४० लाख डॉलर आहे. महिन्याला २० लाख झाले. त्यातले ८५ टक्के, म्हणजे १७ लाख, सरकारकडून यायचे आहेत. सरकारने फक्त दोन महिने उशीर केला तर ३४ लाख डॉलरचा खड्डा पडतो. आता खाजगी देणग्या पाहा. त्या एकूण खर्चाच्या १० टक्के धरल्या तर वर्षाला २४ लाख होतात. म्हणजे वर्षभर दारोदार फिरून, समारंभ करून, पत्रं लिहून जमवलेला सगळा पैसा एकत्र केला तरी सरकारची दोन महिन्यांची दिरंगाई भरून निघत नाही. ज्या संस्थेचा हिशेब असा आहे तिथे देणग्या वाढवून संकट टळेल असं म्हणणं म्हणजे धरणाची भेग चमच्याने बुजवणं आहे.

मग उरतं कर्ज. बँका सरकारी येण्यावर कर्ज देतात, पण व्याज कुठून भरायचं? खेळत्या भांडवलासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज केंद्र सरकारच्या खर्च-नियमांनुसार अनुदानातून भागवता येत नाही. उशीर सरकारचा आणि व्याज संस्थेच्या मोकळ्या पैशातून. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला होता. ज्याच्याकडे मोकळा पैसा नाही त्याचं देणं इथून वाढतच जातं. बंद पडताना हल हाउसच्या डोक्यावर काही दशलक्ष डॉलरचं देणं होतं.

प्रशासकीय खर्चाचीही हीच रड आहे. ‘आमचा पैसा थेट लाभार्थ्यांपर्यंत जावा’ असं प्रत्येक निधी देणाऱ्याला वाटतं. मग हिशेबनीसाचा पगार कुणी द्यायचा? केंद्राच्या अनुदानातून किमान १० टक्के रक्कम अशा प्रशासकीय खर्चासाठी देण्याचा सर्वसाधारण नियम लागू झाला तो डिसेंबर २०१४ मध्ये. हल हाउस बंद होऊन तोवर जवळजवळ तीन वर्षं झाली होती. ऑक्टोबर २०२४ पासून तो दर १५ टक्के झाला आहे.

विश्वस्तांना काय दिसायला हवं होतं

या प्रकरणातून सगळ्यात सोपा निष्कर्ष काढला जातो तो असा की सरकारी पैशावर अवलंबून राहू नये. मला तो पटत नाही. हल हाउसच्याच धर्तीवर निघालेली शिकागोतलीच नॉर्थवेस्टर्न सेटलमेंट १८९१ ची आहे आणि शिकागो कॉमन्स १८९४ ची. दोन्ही आजही काम करत आहेत. न्यूयॉर्कची हेन्री स्ट्रीट सेटलमेंट १८९३ ची आहे, तीही चालू आहे आणि सरकारी पैसा घेते. मंदी सगळ्यांवर आली होती.

‘निधीचे स्रोत वाढवा, एका खांबावर तंबू नको’ हा सल्लाही अर्धाच खरा आहे. विल्यम फॉस्टर आणि गेल फाइन यांनी २००७ मध्ये अशा १४४ अमेरिकी संस्थांचा अभ्यास मांडला ज्या १९७० नंतर स्थापन होऊन वर्षाला ५ कोटी डॉलरच्या उत्पन्नापर्यंत पोहोचल्या. त्यांतल्या बहुतेक एकाच प्रकारच्या निधीवर लक्ष केंद्रित करून वाढल्या होत्या. दहा स्रोत म्हणजे दहा प्रकारचे अर्ज, दहा अहवाल आणि दहा अटी. लहान संस्थेचं कंबरडं तेवढ्यानेही मोडतं. मुख्य खांब एकच असला तरी चालतं. पण तो हलला तर किती दिवस तंबू हातांनी धरून ठेवता येईल, हे मोजलेलं असायला हवं.

ते मोजणं अवघड नाही. अमेरिकेत अशा संस्थांचं वार्षिक कर-विवरण कुणालाही वाचता येतं. ताळेबंदातली एकूण मालमत्ता घ्यायची. त्यातून इमारत, फर्निचर असं जे विकून पगार देता येणार नाही ते वगळायचं, ठरावीक कामासाठी बांधलेला पैसा वगळायचा आणि मग देणी वजा करायची. जे उरेल त्याला महिन्याच्या खर्चाने भागायचं. येणारा आकडा म्हणजे सरकारचं बिल न येता संस्था किती महिने श्वास घेईल. दर तिमाहीला विश्वस्तांसमोर पहिल्या पानावर हा एकच आकडा असावा, उत्पन्नाचा आलेख त्यानंतर. सरकारी बिल सरासरी किती दिवसांनी मिळतं तो दिवसांचा आकडा त्याच्या शेजारीच लिहावा. पहिल्या आकड्यातल्या महिन्यांचे दिवस केल्यावर दुसरा आकडा त्याहून मोठा होऊ लागला की त्याच बैठकीत निर्णय घ्यावा लागतो.

हल हाउसपुढे तो निर्णय २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातच होता. मुलांची संख्या कमी होते आहे हे राज्याच्या आकड्यांत स्पष्ट दिसत होतं. तेव्हा तीन वाटा खुल्या होत्या. पूर्ण खर्च न देणारी कंत्राटं परत करून लहान होणं ही एक. आपलं नाव आणि चांगले कार्यक्रम घेऊन एखाद्या सशक्त संस्थेत विलीन होणं ही दुसरी. आणि जेन ॲडम्स या नावावर देशभरातून कायम निधी उभारणं ही तिसरी. तिसरी सगळ्यात मोहक आहे, पण घर नसलेल्या संस्थेला ती २००२ मध्ये कितपत जमली असती याबद्दल मला शंका आहे. मी विश्वस्त असते तर दुसरीवर भर दिला असता. विलीनीकरणाचं बोलणं करायचं ते हातात काही असताना. तिजोरी रिकामी झाल्यावर कार्यक्रम तेवढे जातात, त्यांच्यामागची माणसं आणि त्यांची देणी मागे राहतात. शेवटी झालंही तसंच. बरेच कार्यक्रम आणि त्यांतली कुटुंबं घाईघाईने दुसऱ्या संस्थांकडे सोपवली गेली. रजेचे पैसे मात्र कुणी घेतले नाहीत अंगावर.

मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. ज्या संस्थेने कारखानदारांचे ५० हजार नाकारून राज्याला कायदा करायला लावला, तिलाच शेवटच्या वर्षांत राज्याच्या थकलेल्या बिलांविरुद्ध कितपत मोठ्याने बोलता आलं असेल? १०० पैकी ८५ रुपये ज्याच्या हातून येतात त्याला कोर्टात खेचणं, त्याच्या दारात आंदोलन करणं, निदान ‘पैसे येईपर्यंत नवी मुलं घेणार नाही’ म्हणणं, यातलं काहीही परवडत नाही. आणि मुलं नाकारायची म्हणजे तरी काय? ते मूल त्या रात्री कुठे झोपणार? या पेचात अडकलेल्या माणसांना दोष देताना माझा हात थांबतो. दोष असलाच तर तो पंधरा-वीस वर्षं आधीचा आहे, संस्था वाढत असतानाच्या आनंदी बैठकांमधला.

संस्था बंद पडल्याची बातमी पसरली तेव्हा हॅलस्टेड स्ट्रीटवरच्या संग्रहालयाला खुलासा करावा लागला की आपण वेगळे आहोत, विद्यापीठाचे आहोत, आणि आपण उघडे आहोत. ते आजही उघडं आहे. १८५६ चं विटांचं घर, आत जेन ॲडम्स यांची खोली, आणि शेजारी ते भोजनगृह जिथे रहिवासी स्वतःच्या जेवणाचे पैसे भरून एका टेबलाभोवती बसत आणि वाद घालत.